काकवीला आणून महिना झाला, खरं ही शू करायला खाली उतरेना!

पंचगंगाकाठ | ३१ मे, रात्री ११.१०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मेच्या पहिल्याच दिवशी आमच्या घरी कुत्री आली. गावठी, वय अंदाजे दीड वर्ष, रंग बरणीतल्या काकवीसारखा म्हणून नाव काकवी. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर वाढली. एप्रिलमध्ये हंगाम संपला, चुलवाण विझलं, गुळवे-जळवे (गूळ करणारे, जाळ घालणारे) आपापल्या गावाला गेले आणि ही मागं राहिली. डावा मागचा पाय कधीतरी उसाच्या ट्रॉलीखाली सापडून मोडलेला, तो वाकडाच जुळलाय. नवऱ्याच्या मित्रानं पंधरा दिवस सांभाळली आणि मग आमच्या गळ्यात घातली. (आता गळ्यातली काढायची नाही, हे आधीच सांगते.)

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतला मुलगा.

पहिले चार दिवस ती कोचच्या मागंच होती. आता नावाला कान टवकारते. मुलगा 'बस' म्हणाला की बसते, म्हणजे उकडलेलं अंडं हातात असेल तर. खरं गाडं अडलंय ते शू-शीवर. गॅलरीत जागा करून दिली, वर्तमानपत्रं अंथरली, प्लॅस्टिकची हिरवळ आणली, तिकडं ढुंकून बघत नाही. खाली नेलं की गेटपाशी चारी पाय रोवून पुतळा. पाऊण तास उभी राहते आणि तशीच वर येते. सकाळी सहाला एकदा होते ती सरळ रात्री दहापर्यंत दाबून धरते, आणि मग सासूबाईंच्या गादीवर. नेमकं त्यांच्याच. तीन अभ्रे आणि एक गादी निकालात निघाली.

एक ट्रेनर बोलावला होता. आल्या आल्या गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि जिन्यावरून खेचत नेली. दुसऱ्या दिवशी साखळीचा आवाज ऐकूनच ती थरथरायला लागली. तिसऱ्या दिवशी त्याला नको म्हणून सांगितलं.

महिनाभरात एवढीच प्रगती? का आमचंच काहीतरी चुकतंय?

तालीमवाला | ३१ मे, रात्री ११.४२

वहिनी, अंडी काय, कोच काय! आमच्या आज्ज्याचं कुत्रं एका हाकेवर उठायचं आणि एका हाकेवर बसायचं. गादीवर केली की तिथंच तोंड घासायचं आणि एक फटका. दुसऱ्यांदा करत न्हाई. जनावराला जनावरासारखं ठेवा की.

डॉक्टर नव्हे कंपाउंडर | १ जून, सकाळी ७.०५

जनावरांच्या दवाखान्यात अकरा वर्षं काढली आहेत, त्या बळावर लिहितो. डॉक्टर नाही, नावातच सांगितलंय.

आधी युरिन टेस्ट करून घ्या. कुत्रीला लघवीचं इन्फेक्शन असेल तर जगातलं कुठलंच ट्रेनिंग चालत नाही, आणि सोळा-सोळा तास दाबून धरल्यावर नसलेलं इन्फेक्शनही होतं. दुसरं, तो पाय. दोन मजले उतरताना त्यावर किती भार येतो बघा. ती घाबरून अडते का दुखतंय म्हणून अडते, हे एक्स-रे काढल्याशिवाय कळणार नाही. घरातली माणसांची दुखण्यावरची गोळी चुकूनसुद्धा देऊ नका. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

गुऱ्हाळावरची आहे म्हणजे गोचीड असणारच. कानाच्या आतून आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात बघा. गोचीड तापात कुत्रं मलूल पडतं, हिरड्या पांढऱ्या दिसतात, आणि आपण म्हणतो 'शांत झालं, रुळलं'. अँटी-रेबीज, नाइन-इन-वन आणि जंताचं औषध झालंय का? एका कानाला काप दिसतोय का? असला तर नसबंदी झालेली आहे.

पुण्यात अडकलेली | १ जून, सकाळी ९.३०

माहेर मंगळवार पेठेत, सासर पुण्यात, घरात दोन गावठी कुत्री. त्यातलं एक पहिले पाच महिने बाथरूममध्येच राहायचं, म्हणून अधिकारानं बोलते.

ताई, एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवसांत कुत्रं नुसतं भांबावलेलं असतं, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळायला लागतं, तीन महिन्यांनी घर आपलं वाटतं. कायदा नाही हा, आमच्या बाथरूमवाल्याला वर्ष लागलं. तुमची कोचमागून बाहेर आली, नाव ओळखते, हातातून खाते. हे थोडं नाही.

तालीमवाले दादा, रात्री केलेल्या शूचा सकाळी फटका दिला तर कुत्र्याला त्यातली शू कळत नाही, फटका तेवढा कळतो. मग ते तुमच्यासमोर करायचंच बंद करतं आणि कपाटामागं जाऊन करतं. आणि लोक म्हणतात, बघा कसं लबाड आहे.

गेटवर पुतळा होते तेव्हा तिच्यापुढं चिकन धरून बघा. घरात ज्यावर झडप घालते ते गेटवर तोंडातसुद्धा घेत नसेल, तर ती हट्टी नाही, घाबरलेली आहे. माझा हाच थर्मामीटर. खाणं थांबलं की आपण फार पुढं आलो, दोन पावलं मागं जायचं. जिथं ती खाते तिथंच थांबायचं. भले ते घराचं दार असेल. आठवडाभर दारातच चिकन, मग पहिल्या वळणावर, मग तळमजल्यावर. चिकन उकडलेलं, बिनमीठ, वाटाण्याएवढे तुकडे. कांदा-लसूण अजिबात नको, म्हणजे पांढऱ्या रश्श्यातला तुकडासुद्धा नाही. शिजवलेलं हाडही नाही, त्याचे टोकदार तुकडे होतात.

आणि पट्टा गळ्यात नको, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या.

सायकलवाला | १ जून, दुपारी १.१५

कौतुक चालू दे सगळ्यांचं. माझ्या पोरीला गेल्या वर्षी गल्लीतल्या कुत्र्यानं पोटरीला धरलं. पाच इंजेक्शनं झाली, अजून ती एकटी क्लासला जात नाही. गावठी कुत्री घरात आणून जिन्यावरून ने-आण करणार, खालच्या मजल्यावरच्या पोरांचं काय?

पंचगंगाकाठ | १ जून, दुपारी ३.००

सायकलवाले दादा, तुमचा राग रास्त आहे. काकवीचं अँटी-रेबीज झालंय, वहीत शिक्का आहे. जिन्यातून नेताना पट्टा हातातच असतो, आणि खालच्या मजल्यावर मी स्वतः जाऊन सांगून आले की पोरांनी हात लावायला यायचं नाही. मुलीला कसं आहे आता?

सायकलवाला | १ जून, दुपारी ३.४०

बरी आहे. जखम लगेच साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुतली आणि तशीच सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, नेली, म्हणून निभावलं. शेजारीण हळद भरा म्हणत होती. हळद, चुना, तिखट कुणी काही भरू नका, एवढं या धाग्यावर राहू दे.

गुळव्याचा नातू | १ जून, रात्री ९.२०

वहिनी, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. समद्यांचं बरोबर हाय, खरं एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली न्हाई.

आमचा आज्जा गुळव्या होता. काहिलीत रस उकळताना रानभेंडीचं पाणी घालून मळी काढायची ती त्यानंच, आणि आधण उतरायची वेळ नुसत्या बुडबुड्यावरनं सांगायचा. माझं लहानपण गुऱ्हाळावर गेलं. गुऱ्हाळाच्या भवतीनं मातीसुद्धा दिसत न्हाई ओ. घाण्यातनं रस काढला की उरलेली चिपाडं वाळायला पसरतात, चुलवाणाला जळण तेच. सगळं आवार चिपाडानं भरलेलं. कुत्री त्यावरच झोपतात, त्यावरच वितात, आणि कडेला जाऊन त्यावरच मुततात.

तुमच्या काकवीच्या पायाला जन्मापासनं तेच ठावं हाय. मऊ, कुरकुरीत, खाली दबणारं. तुमच्या घरात फरशी, गॅलरीत फरशी, खाली सिमेंटचे ब्लॉक. सगळ्या घरात पायाला मऊ लागणारी एकच जागा, ती म्हंजे सासूबाईंची गादी.

माझ्याकडं शेडमध्ये वाळलेली चिपाडं हायत. रविवारी बाजाराला येतोय, पोतं टाकतो. पैसे विचारू नका.

भवानी मंडप | १ जून, रात्री ९.२६

विषय हार्ड!

डॉक्टर नव्हे कंपाउंडर | १ जून, रात्री ९.५०

अकरा वर्षं दवाखान्यात काढून हे माझ्या डोक्यात आलं नाही. बरोबर आहे. लहानपणी पायाखाली जे असतं त्यावरच त्यांना मोकळं होता येतं. कायम पिंजऱ्यात ठेवलेली कुत्री मातीवर करत नाहीत, त्यांना फरशीच लागते. ही त्याची उलटी बाजू.

पंचगंगाकाठ | ९ जून, रात्री १०.३०

काय सांगू आणि कसं सांगू.

रविवारी नातू दादा खरंच पोतं घेऊन आले, चहासुद्धा न घेता गेले. गॅलरीत जुनी पत्र्याची घमेली होती, त्यात मावेना, म्हणून सासूबाईंनीच त्यांचा लोणच्याच्या कैऱ्या वाळवायचा मोठा ट्रे काढून दिला. (आता कैऱ्यांसाठी नवीन घ्यावा लागणार, हे त्यांनी तीनदा सांगितलं.) चिपाडं पसरली. पोतं उघडल्याबरोबर आंबूस-गोड वास घरभर झाला.

काकवी कोचमागून मान लांब करून आली. आधी कडेचं एक चिपाड तोंडात धरून ओढलं. मग उजवा पुढचा पाय ठेवला, दाबला, काढून घेतला. परत ठेवला. मग आख्खीच्या आख्खी ट्रेमध्ये उभी राहिली, नाक खाली घालून दोन गिरक्या घेतल्या आणि बसली. मी घड्याळ बघत होते, बावीस सेकंद. उठली, मागच्या वाकड्या पायानं चिपाडं उडवली, आणि पहिल्यांदाच, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, शेपूट वर करून घरभर पळाली. दिवाणावरून उडी, स्वयंपाकघरात एक चक्कर, परत दिवाण. सासूबाई दारात उभ्या राहून हसत होत्या, आणि मी चिपाडं झाडत.

युरिन टेस्टमध्ये थोडं इन्फेक्शन निघालं, गोळ्या चालू आहेत. पायात आतून दुखणं आहे असं डॉक्टर म्हणाले. म्हणून सध्या तिला जिन्यावरून उचलूनच न्यायची, वजन चौदा किलो. नवऱ्याची तालीम होतेय.

तालीमवाला | ९ जून, रात्री ११.०१

मालकांना खुराक वाढवा वहिनी.

पुण्यात अडकलेली | १० जून, सकाळी ८.१०

वा! आता लगेच चिपाडं काढून टाकू नका. दोन-तीन आठवडे तशीच ठेवा, मग दर चार-पाच दिवसांनी एक मूठ चिपाडं कमी आणि एक मूठ माती जास्त. ट्रेमध्ये सगळी माती आली की बाहेरची मातीही तिला चालेल. आणि ओलं झालेलं एक चिपाड पिशवीत घालून खाली घेऊन जा, जिथं करायला हवी तिथं ठेवा. पावसात चिपाडांना बुरशी येईल, ट्रे आतल्या बाजूला घ्या.

पंचगंगाकाठ | १३ जुलै, रात्री १.५०

झोप येत नाही म्हणून लिहितेय. आज फार मोठी चूक झाली, माझीच.

गेल्या महिन्यात सगळं सुरळीत होतं. पाय बरा वाटू लागल्यावर तळमजल्यापर्यंत स्वतः उतरायला लागली, गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली शू होऊ लागली. मी हुरळून गेले. आज पाऊस उघडला, रविवार होता, म्हटलं रंकाळ्यावर नेऊ. संध्याकाळी साडेपाच. चौपाटीवर ही गर्दी. आणि हार्नेस ओला होता म्हणून मी जुना गळ्यातला पट्टा घातला होता.

एका बुलेटवाल्यानं सायलेन्सरमधून फटाका काढला. काकवीनं डोकं खाली घालून मागं जोर लावला आणि पट्टा कानांवरून सटकन निघाला. माझ्या हातात रिकामा पट्टा. ती शालिनी पॅलेसच्या अंगानं पळत सुटली, मी मागं पळाले, मुलगा ओरडत पळाला, अजून चार माणसं पळाली. जितकं पळालो तितकी ती लांब गेली. अंधार पडला, अजून सापडलेली नाही. नवरा आणि त्याचा मित्र बॅटऱ्या घेऊन तिथंच आहेत.

पुण्यात अडकलेली | १३ जुलै, रात्री २.०५

ताई, पळापळ थांबवा. माणसं कमी करा. जिथं निसटली तिथंच तुमची न धुतलेली ओढणी ठेवा, तिची चादर ठेवा. आणि ट्रेमधली चिपाडं. दिसली तर हाक मारू नका, डोळ्यांत बघू नका, तिच्याकडं पाठ करून खाली बसा आणि स्वतः काहीतरी खात राहा. वास येऊ दे.

सायकलवाला | १३ जुलै, पहाटे ५.१५

मी रोज पहाटे रंकाळ्याला सायकल मारतो. आत्ता निघतोय. दिसली तर फोटो टाकतो. हात लावणार नाही.

पंचगंगाकाठ | १३ जुलै, सकाळी ८.४०

सापडली. सहाच्या सुमारास सायकलवाले दादांनी फोटो टाकला. बंद भेळेच्या गाडीखाली, ताडपत्रीच्या आत दोन डोळे चमकताहेत. मी गाडीपासून दहा फुटांवर ओल्या कट्ट्यावर पाठ करून बसले आणि उकडलेलं अंडं सोलत राहिले. अर्धा तास गेला. कोपराला ओलं नाक लागलं.

दादा पलीकडं सायकल धरून उभे होते, येणाऱ्याजाणाऱ्यांना लांबून जायला सांगत होते.

आता हार्नेस आणि पट्टा दोन्ही, दोन्हीला वेगळी दोरी, आणि पट्ट्याला फोन नंबरचं पितळी बिल्लं. महाद्वार रोडवर करून मिळालं.

डॉक्टर नव्हे कंपाउंडर | १३ जुलै, सकाळी ९.१५

सुटलो बाबा. आता आठवडाभर तिला कुठंही नेऊ नका. अशा धक्क्यानंतर अंगातली भीती उतरायला काही दिवस जातात, त्यात छोटा आवाजसुद्धा मोठा वाटतो. परत दारापासून सुरुवात करावी लागली तरी करा. दुसऱ्यांदा लवकर होतं.

तालीमवाला | २ ऑगस्ट, रात्री १०.२५

एक विचारू का? हसायचं न्हाई. आमचा वाघ्या जेवताना भांड्याजवळ कुणी गेलं की गुरगुरतोय. परवा धाकट्या पोरावर दात काढले. फटका दिला तर गुरगुरणं थांबलं, खरं आता थेट तोंड घालायला बघतोय.

पुण्यात अडकलेली | २ ऑगस्ट, रात्री १०.५०

दादा, कुणी हसत नाही. गुरगुरणं ही त्याची 'लांब राहा' म्हणायची भाषा होती, फटक्यानं ती भाषाच बंद झाली, आता चावणंच उरलं. पोराला भांड्याच्या आसपास अजिबात सोडू नका, वाघ्या जेवताना मधे दार बंद. तुम्ही स्वतः सात-आठ फुटांवरून जाताजाता भाकरीपेक्षा भारी काहीतरी, चिकनचा तुकडा, त्याच्याकडं टाका आणि पुढं निघून जा. भांड्याला हात लावायचा नाही. माणूस जवळ येतो तेव्हा घेतलं जात नाही, मिळतं, हे त्याला पटायला हवं. तुम्ही येताय म्हटल्यावर शेपूट हलायला लागली की मग एक पाऊल जवळ. आणि दात काढलेत म्हणजे एकदा डॉक्टरांनाही दाखवा, तोंडात दुखत असेल.

तालीमवाला | २ ऑगस्ट, रात्री १०.५८

बरं. आज्ज्याचं कुत्रं पण शेवटी आज्ज्यालाच चावलं होतं. मागं सांगायचं राहिलं.

पंचगंगाकाठ | २८ ऑगस्ट, दुपारी ४.१५

ट्रेमध्ये आता तीन हिस्से माती, एक हिस्सा चिपाडं. गादी सत्तेचाळीस दिवस कोरडी आहे, सासूबाई कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी फुली मारतात.

आता पुढचं संकट. चतुर्थीला राजारामपुरीत आगमनाची मिरवणूक असते, आमच्या खिडकीच्या काचा थडथडतात त्या आवाजानं. मुलानं मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून रोज चिकन द्यायला सुरुवात केलीय, दर दोन दिवसांनी आवाज एक घर वर. मोबाइलचा आवाज तिला चालतोय. पण साऊंड सिस्टीमचा दणका छातीत बसतो, तो मोबाइलवर कुठून आणायचा?

गुळव्याचा नातू | २८ ऑगस्ट, रात्री ८.००

आणू नका. काकवीला घेऊन आदल्या दिवशी आमच्या मळ्यात या. दोन दिवस राहा. पिठलं-भाकरी मिळंल.

पंचगंगाकाठ | १६ सप्टेंबर, रात्री ९.४५

जाऊन आलो. घरचा गणपती सासूबाई आणि जाऊबाईंनी बसवला, मी आणि मुलगा काकवीला घेऊन मळ्यात.

नातू दादांचं गुऱ्हाळ सध्या बंद आहे. काहील पालथी घातलेली, चुलवाणाच्या तोंडाशी गवत उगवलेलं. मला वाटलं होतं जुनी जागा बघून घाबरेल, नाहीतर एकदम खूश होईल. दोन्ही नाही. लांब दोरीवर सोडली तशी ती काहीलीच्या कडेनं गेली, चुलवाणाच्या तोंडात डोकं घातलं, बराच वेळ हुंगत राहिली. मग शेडमध्ये जिथं चिपाडांची गंजी आहे तिच्या बुडाशी स्वतःला कोंबलं आणि झोपली.

आणि उठेना! दोन महिने 'ये' शिकवतोय. घरात हाक मारली की जिथं असेल तिथून येते, कडुनिंबाखालून येते. इथं मुलानं हाक मारली, कान हलवला. मी मारली, तेवढंही नाही. अंडं दाखवलं, एक डोळा उघडून मिटला. दोरी ओढायची नाही हे ठरलेलं. मग मी आणि मुलगा गंजीला टेकून बसून राहिलो. दुपारचे दोनाचे चार झाले. नातू दादांच्या आई येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "झोपू द्या की तिला, तुमचं काय गाडं चुकतंय व्हय?"

साडेचारला स्वतः उठली, आळस दिला, अंगावरची चिपाडं झाडली, गंजीच्या कडेला शू केली आणि माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून परत झोपली.

म्हणजे बाहेर 'ये' अजून कच्चं आहे. त्याला काय करावं ते सांगा. अंड्याच्या वर काय असतं?

डॉक्टर नव्हे कंपाउंडर | १६ सप्टेंबर, रात्री १०.१०

कलेजी. उकडून, बारीक तुकडे, आणि फक्त बाहेरच्या 'ये'साठीच, घरात द्यायची नाही. रोज जास्त नको, पोट बिघडेल.

गुळव्याचा नातू | १६ सप्टेंबर, रात्री १०.३२

वहिनी, मागलं पोतं आता कुजत आलं असंल. दिवाळीच्या आधी घाणा सुरू करतोय, ताजी चिपाडं वाळली की पोचवतो. आईनं विचारलंय, काकवी परत कधी येणार.